अकरावे कडवे नसलेले रीळ

देवाजी रामटेके याने रिळांचा पहिला टेपरेकॉर्डर १९७४ च्या मे महिन्यात आणला. तुमसरकडच्या एका मँगनीज खाणीत साहेब लोकांचा क्लब होता. तो बंद झाला तेव्हा खुर्च्या, पंखे आणि बिलियर्डचे टेबल यांच्याबरोबर दोन टेपरेकॉर्डरही लिलावात निघाले. दोन्ही जर्मन आणि दोन्ही बंद. सोबत एका खोक्यात चौदा रिळे होती, कंपनीतूनच भरून आलेली. नाचाची विलायती गाणी, पियानो, बँड. त्या खोक्यावर कोणी बोलीच लावली नाही. क्लबचा शिपाई देवाजीला म्हणाला, "हे बी नेऊन टाक गा. उंदरायनं पिल्लं देली त्याच्यात."

पवनीला बसस्टँडजवळ देवाजीचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. भंडाऱ्याच्या आयटीआयमध्ये शिकलेला, वय एकतीस. घरचे बौद्ध झाले तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. वडिलांनी जन्मभर दुसऱ्याच्या बांधीत धान रोवले. मुलगा खुर्चीवर बसून काम करतो, याचे त्यांना शेवटपर्यंत नवल वाटत राहिले.

दोन बंद यंत्रांतून एक चालते यंत्र करायला सात महिने लागले. व्हॉल्व्ह आणि कंडेन्सर नागपुरात मिळाले. अडले ते रबराच्या चाकापाशी. टेप ज्या चिमटीतून पुढे सरकते तिची एक बाजू म्हणजे फिरती लोखंडी दांडी आणि दुसरी बाजू म्हणजे हे चाक. क्लबातल्या दोन्ही यंत्रांची चाके वितळून डांबरासारखी झाली होती. तसले रबर नागपुरातही मिळेना. शेवटी त्याने एका राइस मिलमधून धान भरडण्याच्या रबरी रोलचा झिजलेला तुकडा मागून आणला आणि भंडाऱ्याच्या लेथवाल्याकडून त्याचे चाक कातून घेतले. पहिली तीन वाकडी निघाली, चौथे बसले. बसले की नाही हे तो पियानोच्या रिळावर तपासत असे. पियानोचा लांब सूर थरथरला की चाक वाकडे. त्या एका रिळावर त्याने कधीच दुसरे काही भरले नाही. बाकीची तेरा रिळे त्याने कोरी म्हणून वापरली, कारण पवनीत कोरे रीळ मिळणे शक्य नव्हते.

"लोकायचे रेडिओ पडून हायेत," त्याची बायको धुरपता म्हणाली, "अन् तुमी हे साहेबाचं मढं जिवंत करून राह्यले."

"झालं का नाही जिवंत?"

"झालं. पर इंग्रजी बोलते."

पुढच्या चार वर्षांत ते मराठी बोलायला लागले. देवाजीने आणखी पाच जुनी यंत्रे, सोबतच्या जुन्या रिळांसह, मिळवली. एक भंडाऱ्याच्या निवृत्त रेंजरकडून, दोन बंद पडलेल्या टुरिंग टॉकीजच्या सामानातून, बाकीची नागपूरच्या भंगारातून. त्यातली तीन दुरुस्त करून त्याने भजनमंडळांना आणि एका मास्तरांना विकली. जुन्या रिळांचे वाळून सुटलेले सांधे तो नव्याने चिकटवी, तपकिरी भुकटी पडू लागलेला भाग कापून टाकी आणि उरलेल्या टेपवर गावोगावचे गाणे भरी. भजने भरली. बायकांची रोवण्याची गाणी भरली. आपल्या वस्तीतल्या मनकर्णाबाईचे पाळणे भरले. माणसे स्वतःचा आवाज ऐकायला दोन-दोन कोस चालत येत आणि बहुतेक जण ऐकून म्हणत, "हा मी नव्हं."

त्याचा एक नियम होता. ज्याचे गाणे त्याच्या परवानगीशिवाय त्याचे रीळ कोणापुढे वाजवायचे नाही. एका वहीत तो तारीख, गाव, गाणाऱ्याचे नाव, रिळाचा क्रमांक आणि काही बिघाड झाला असल्यास तो, असे सगळे लिही. १९७८ च्या सुरुवातीला वहीत त्रेचाळीस रिळे होती आणि तक्रार एकही नव्हती.

या नियमामुळे एक गोष्ट घडली होती, तिच्याबद्दल तो कोणाशी बोलत नसे. टेपरेकॉर्डरला वीज लागते आणि विजेचे बटन घराच्या आत असते. यंत्र आत जायचे, म्हणून त्याच्याबरोबर देवाजीही आत जायचा. ज्या घरांत त्याचे वडील अंगणाच्या पुढे कधी गेले नव्हते, त्या घरांच्या ओसरीवर त्याला चटई मिळे आणि चहा घरच्यांच्याच कपात मिळे. आधी हे यंत्रामुळे झाले. नंतर माणसे त्याला नुसते, यंत्राशिवायही, बोलावू लागली.

अड्याळचे शाहीर गोमाजी मोहतुरे फेब्रुवारी १९७८ मध्ये स्वतः त्याच्या दुकानात आले. वय बासष्ट. खडी गंमत या उभ्याने करायच्या लोकनाट्याची त्यांची पार्टी तीस वर्षे चालू होती. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे एका दिवसाची जत्रा, भरते, त्या दिवशी दुपारी दोन पार्ट्यांचा सामना ठेवतात. त्याला दुय्यम म्हणतात. एक शाहीर गाण्यातून सवाल टाकतो, दुसऱ्याने त्याच चालीत, तितक्याच कडव्यांत उत्तर द्यायचे. गोमाजींचा सोळा कडव्यांचा एक सवाल सहा वर्षे कोणाला सुटला नव्हता. दहा-अकरा कडव्यांपर्यंत काही जण पोहोचले होते, पण सोळाही कोणी सोडवली नव्हती. उत्तर कागदावर नव्हते. ते फक्त गोमाजींच्या डोक्यात होते.

"देवाजी, तुह्या डब्यात माणूस मेल्यावर बी बोलते म्हणतात."

"बोलते जी. जे भरलं तेच बोलते. जास्तीचं नाही."

"मंग माह्या पोरापेक्षा बरा हाय."

पोरगा म्हणजे टेकचंद. बापाच्या पार्टीत मागे उभा राहून झील धरायचा. सुरात असे, पण अर्धी मात्रा मागे. बापाच्या पार्टीत ते चालून जाई. दुसरा कोणी त्याला ठेवणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होते.

"सोळा कडव्यांचा सवाल भराचा हाय," गोमाजी म्हणाले. "जवाबासकट."

देवाजीने हातातली कात्री खाली ठेवली. "जवाब कायले भरता शाहीर? कोणी आयकला तर?"

"तू आयकू देशील?"

"नाही."

"मंग झालं."

मार्चमध्ये देवाजी दोन दुपारी अड्याळला गेला. यंत्र ओसरीवर मांडले. रीळ क्लबातले होते, त्यामुळे गाणे सुरू होण्याच्या आधी दहा सेकंद विलायती तुतारी वाजे. शाहिरांनी ती ऐकली.

"हे कोण हाय?"

"जर्मन बँड."

"राहू दे. आपल्याले नमन करून राह्यले."

पहिल्या दिवशी सवाल झाला. दुसऱ्या दिवशी उत्तर. अकरावे कडवे सुरू होता होता विजेचा दाब एकदम उतरला. टेप ओढून घेणारे चाक मंदावले, रबरी चाक मात्र फिरत राहिले आणि टेप त्याच्याभोवती गुंडाळून चुरगळली. शाहिरांचे लक्ष नव्हते. डोळे मिटून ते तसेच बाराव्यात शिरले होते. ध्यानात येताच देवाजीने हात वर करून थांबवले. घसा कोरडा झाला म्हणून शाहीर पाणी प्यायला आणि जरा पाय मोकळे करायला वाडीकडे गेले. तोवर त्याने टेप सोडवली. दोन हात टेप फाटून निकामी झाली होती. ती त्याने ब्लेडने कापली आणि टोके जोडली. त्या दोन हातांत अख्खे अकरावे कडवे गेले.

हे सगळे शाहिरांची बायको जनाबाई समोर बसून पाहत होती.

"काकू, शाहिरायले सांगू नका," देवाजी म्हणाला. "आज पुन्हा म्हणा म्हटलं तर घसा बसन त्यायचा. पुढच्या खेपेले भरून घेतो."

"नाही सांगत बाबू," ती म्हणाली.

शाहीर परत आले, बाराव्यापासून सोळाव्यापर्यंत म्हणाले. पुढची खेप झाली नाही. आधी कोणाचे लग्न, मग रोवणी. वहीत त्याने तारीख लिहिली, गाव लिहिले, रीळ क्रमांक चव्वेचाळीस लिहिला. तुकडा गेल्याचे लिहिले नाही. लाज वाटली.

रीळ त्याने पत्र्याच्या पेटीत ठेवले. पेटीला कुलूप होते आणि किल्ली त्याच्या करदोड्याला.

नोव्हेंबर १९७८ मध्ये अड्याळपासून दोन कोसांवरच्या गावी मंडई होती. गोमाजींच्या समोर बपेऱ्याचे शाहीर भैय्यालाल उभे होते. चाळिशीचा माणूस, आवाज मोठा, पार्टी नवी. देवाजी यंत्र न घेता गेला होता, नुसता ऐकायला. तीन वाजता गोमाजींनी सोळा कडव्यांचा सवाल टाकला. लोक हसले. दरवर्षीचेच होते. भैय्यालाल आठव्या कडव्याला अडेल की नवव्याला, यावर चर्चा सुरू झाली.

भैय्यालाल अडला नाही. एकामागून एक कडवी सोडवत गेला. अकराव्याचा सवाल सगळ्यांच्या तोंडी होता:

पाळ नाही तो तलाव भरला, काठावर ना झाड,
न्हाऊन निघे अवघी नगरी, कोणा न वाजे गार.

भैय्यालालने उत्तर दिले:

नीज नावाचा तलाव दादा, डोळा त्याचा घाट,
राजा रंक एकाच पाण्यात, कोणी न पाही वाट.

चालीसकट, शब्दासकट, 'दादा' म्हणून घ्यायच्या थांब्यासकट हे गोमाजींचेच होते, देवाजीने मार्चमध्ये ऐकले होते तेच. सोळावे कडवे झाले तेव्हा मांडवात कोणी टाळी वाजवली नाही. सगळे गोमाजींकडे पाहत होते.

गोमाजींनी तुणतुणे जमिनीवर ठेवले. "हरलो," ते म्हणाले. "भैय्यालालचा दोष नाही. त्यानं जे आयकलं ते म्हटलं. पण माह्या घरातून हा जवाब गेला नाही. माह्या तोंडातून गेला नाही. मी यंदा एकाच जागी भरला होता, डब्यात. डबा कोणाचा, ते तुमाले माहीत हाय."

कोणी ओरडले नाही. देवाजीच्या डाव्या बाजूला बसलेला माणूस उठला आणि चार हात पलीकडे जाऊन बसला. मग उजव्या बाजूचा उठला.

त्या भागातल्या पार्ट्यांत अशी रीत होती की हरलेल्या शाहिराने आपला एक झीलकरी जिंकलेल्याला द्यायचा, आणि जिंकलेल्याने त्याला नको म्हणायचे नाही. निदान तीन हंगाम पोसायचा. गोमाजींनी टेकचंदला पुढे केले. टेकचंद मान खाली घालून भैय्यालालच्या बाजूला जाऊन उभा राहिला. बऱ्याच बायकांच्या डोळ्यांत पाणी आले. दगा झालेल्या म्हाताऱ्याने रीत मोडली नाही, असे लोक घरी जाताना बोलत होते.

पंधरा दिवसांत तीन गावांतून रिळे परत द्या असा निरोप आला. एका भजनमंडळाच्या टेपरेकॉर्डरचा पट्टा तुटला. तो देवाजीनेच विकलेला होता, पण मंडळाने तो भंडाऱ्याला पाठवला. अड्याळला एका घरी तो बिघडलेला रेडिओ पोहोचवायला गेला तेव्हा ओसरीवरच्या माणसाने त्याला हाताने फाटकाजवळच थांबवले.

"तिथंच ठेव. आमी घेतो."

वर्षभरापूर्वी त्याच माणसाने त्याला चटई टाकली होती.

"तुमी नाही वाजवलं, हे मले माहीत हाय," धुरपता म्हणाली. "पर मले माहीत असून काय फायदा?"

"मी नसताना दुकानात कोणी आलतं का?"

"कोणी नाही."

"पेटी?"

"पेटीले मी हात लावत नाही. तुमची किल्ली तुमी झोपेत बी सोडत नाही."

त्याने कुलूप तपासले, पेटीच्या बिजागऱ्या तपासल्या. उत्तराचे दुसरे रीळ निघाले असेल का, असे मनाशी विचारले. तसे निघायला किल्ली, दुसरे चालते यंत्र आणि पाऊण तास लागला असता. ते शक्य नव्हते. तरी रीळ त्याच्याकडेच होते आणि उत्तर फुटले, हे दोन्ही खरे होते. चार दिवस त्याने स्वतःवरच संशय घेतला. रीळ वाजवून पाहायचे धाडस होत नव्हते. परवानगी नव्हती, म्हणून. पाचव्या दिवशी भर दुपारी त्याने दुकानाचे दार लावले आणि चव्वेचाळीस नंबर लावला.

तुतारी वाजली. मग शाहिरांचा आवाज. दहावे कडवे संपले, सांध्यावरून जाताना 'ठप्' असा बारीक आवाज झाला आणि बारावे सुरू झाले.

तो तुकडा आपण कापला, हे त्याला आठवत होतेच. आतापर्यंत तो त्याच्या लेखी स्वतःच्या चुकीचा एक तुकडा होता, इतकेच. त्याने रीळ मागे घेऊन पुन्हा ऐकले. दहा, ठप्, बारा. निजेच्या तलावाचे कडवे आता पवनीच्या बाजारातली पोरेही म्हणत होती. ते या रिळात नव्हते. मार्च महिन्यापासून नव्हते. ते भैय्यालालला या रिळातून मिळूच शकत नव्हते. सोळाही कडवी सबंध असलेली जागा जगात एकच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने तो यंत्र घेऊन अड्याळला गेला. गोमाजी ओसरीवर ऊन घेत बसले होते. जनाबाई सुपात लाखोळीची डाळ निवडत होती. फाटकाशी कोणी थांबवले नाही. गोमाजींनी स्वतःच हात करून वर बोलावले, आणि ते त्याला नंतर फार दिवस लागून राहिले.

"शाहीर, तुमचं रीळ तुमाले आयकवाचं हाय."

"माही परवानगी हाय," गोमाजी म्हणाले. त्यांच्या तोंडावर किंचित हसू होते.

त्याने नववे, दहावे, बारावे ऐकवले आणि यंत्र थांबवले.

"अकरावं कोठी गेलं?" गोमाजींनी विचारले.

"टेप फाटली होती. मी कापली. तुमाले सांगितलं नाही, हे माहं चुकलं. पर भैय्यालालनं अकरावं म्हटलं. शब्दाले शब्द. ह्या रिळात ते नाहीच. मंग त्याले कोणी देलं?"

गोमाजींनी यंत्राकडे बोट केले.

"बटन बंद कर," ते म्हणाले. "मीटर फिरते."

देवाजीने बटन बंद केले.

"हुशार हायेस तू. सहा वर्षं माहा एक सवाल कोणाले सुटला नाही. तुले दुसराच सुटला." त्यांनी पाय जवळ घेतले. "आयक. माहा घसा एक हंगाम चालन, लय तर दोन. माह्या मागं टेकचंदले कोण उभं करन? तू सांग. तू ठेवशील?"

"मी पार्टीवाला नाही."

"पार्टीवाले बी नाही ठेवत. तो अर्धी मात्रा मागं हाय, हे मले बापाले बी आयकू येते. पर हरलेल्याचा झीलकरी ठेवावाच लागते. म्हून मले हराचं होतं. भैय्यालालले मीच बसवून शिकवलं, सोळाही कडवी."

"हरले असते तर हरले असते. माहं नाव कायले?"

"नुसतं हरलो असतो तर लोक म्हणते, म्हातारा सरला. तीस वर्षांचं नाव गेलं असतं. दगा झाला म्हटलं तर नाव राह्यते."

"फेब्रुवारीत तुमी स्वतः माह्या दुकानात आले."

"आलो."

"तवाच ठरलं होतं?"

गोमाजी उन्हाकडे जरा सरकून बसले. मग म्हणाले, "खरं सांगू का देवाजी? मले वाटलं होतं, लोक चार सवाल करतीन. कवा भरलं, कोणी आयकलं, कायवरून म्हणता. मी जवाब तयार ठेवले होते. तुहं नाव घेतलं अन् कोणी एक सवाल केला नाही. माह्या भावकीतल्या माणसाचं नाव घेतलं असतं तर दहा जण उठले असते."

हे ते दुखवायला बोलत नव्हते. हिशेबात अपेक्षेपेक्षा जास्त उरले, असे सांगावे तसे सांगत होते.

"हे लोकायपुढं सांगा," देवाजी म्हणाला.

"नाही सांगत."

"मंग मी हे रीळ लोकायपुढं वाजवतो. पंच बसवून."

"वाजव ना. मी इतलंच म्हणन, का ब्लेड कोणाच्या हातात राह्यते? टेप कापणारा बी हाच, जोडणारा बी हाच. दगा उघडा पडला, म्हून काल घरी बसून कापली असन." ते थोडे पुढे झुकले. "दे जवाब."

देवाजीने वही आठवली. चार वर्षांत प्रत्येक बिघाड तारखेसह लिहिला होता. कुठे वीज गेली, कुठे कुत्रे भुंकले, कुठे गाणारीला ठसका लागला. चव्वेचाळीस नंबरच्या पुढे काहीच नव्हते. त्या एका ओळीवाचून त्याच्याजवळ जवाब नव्हता.

मग त्याला जनाबाई आठवली. ती समोरच होती.

"काकू," तो म्हणाला. "तुमी इथंच बसल्या होत्या. टेप फाटली ते तुमी पाह्यलं. मी कापली ते पाह्यलं. मी म्हटलं सांगू नका, तुमी म्हटलं नाही सांगत. मीच आता म्हणतो, सांगा."

जनाबाईचा हात सुपात थांबला. तिने नवऱ्याकडे पाहिले नाही, देवाजीकडेही पाहिले नाही. भिंतीवरच्या खुंटीला टेकचंदचा जुना फेटा टांगलेला होता. नवा तो भैय्यालालच्या पार्टीत घालत होता.

"मले नाही आठवत बाबू," ती म्हणाली. मग डाळीतला एक खडा उचलून तिने अंगणात टाकला. "च्या ठेवू का?"

"नको जी."

त्याने यंत्रातून रीळ काढले, डबीत घातले आणि गोमाजींसमोर ठेवले.

"हे कायले? जपून ठेव तुह्याजवळ," गोमाजी म्हणाले. "माहा आवाज हाय त्याच्यात. माह्याजवळ डबा कोठी हाय वाजवाले?"

"मले माहीत हाय," देवाजी म्हणाला.

पंच बसवण्याचा प्रश्न उरला नाही. भैय्यालालकडे जाण्यात अर्थ नव्हता. जिंकणारा कशाला बोलेल? बसमध्ये यंत्र मांडीवर घेऊन तो पवनीला आला. धुरपताला त्याने सगळे जसेच्या तसे सांगितले. ती एकदाच बोलली. "काकू बी?"

"काकू बी."

त्या हिवाळ्यात त्याने सायकलवर फिरून ज्याची त्याची रिळे परत केली. वहीतल्या नोंदीसमोर घेणाऱ्याची सही किंवा अंगठा घेतला. बहुतेकांनी मुकाट्याने घेतली. एकाने डबी उघडून आतली टेप हाताने चाचपली, जणू आवाज पूर्ण आहे की नाही ते कळणार होते. एकट्या मनकर्णाबाईने नाकारले. "आमचं कोण चोरते बाबू," ती म्हणाली. "असू दे तुह्याजवळ." उरलेली यंत्रे त्याने नागपूरच्या एका हौशी माणसाला दिली. क्लबातले पहिले यंत्र तेवढे ठेवले, पियानोच्या रिळासह. दुकानात पुन्हा रेडिओ आणि उन्हाळ्यात विहिरीच्या मोटारींचे स्टार्टर दुरुस्तीला येऊ लागले. ती कामे घराबाहेर उभे राहून करता येतात.

पुढच्या वर्षी नोव्हेंबरात अड्याळचीच मंडई होती. धुरपताची मावशी अड्याळला असायची, म्हणून तिला जायचे होते. देवाजी नाही म्हणाला, मग गेला. दुपारी भैय्यालालचा दुय्यम होता. गोमाजी पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले होते, गळ्यात हार. मागे टेकचंद नव्या फेट्यात उभा होता.

सामना सुरू होण्याआधी गावचा एक कार्यकर्ता माइकसमोर आला. बसायची जागा, पिण्याचे पाणी, हरवलेली चप्पल, असे सांगून झाल्यावर म्हणाला, "आखरी सूचना. कोणाजवळ टेप असन तर गाण्याच्या चौकीपासून दूर ठेवावा. मागं पवनीच्या टेपवाल्या देवाजीनं आपल्या शाहिरायले दगा देला, ते सगळ्यायले माहीत हाय. तसं पुन्हा होऊ नये."

लोकांनी माना डोलावल्या. गोमाजींनी मान वळवली नाही. देवाजी त्यांच्या मागे सातव्या-आठव्या ओळीत होता.

"उठा," धुरपता हळूच म्हणाली. "जाऊ आपण."

"आता उठलो तर खरं ठरते."

"बसलो तर खोटं ठरते का?"

दोघे बसून राहिले, संध्याकाळी शेवटचे कडवे होऊन लोक उठेपर्यंत. टेकचंद सगळा वेळ अर्धी मात्रा मागे होता.

त्यानंतर पाच-सहा वर्षे, कॅसेटचे लहान टेप घरोघर येईपर्यंत, त्या भागातल्या मंडयांमध्ये दुय्यमाआधी ही सूचना दिली जात असे. ती आधी कोणी सुरू केली हे कोणी विचारत नव्हते. पुढे पुढे सूचना देणाऱ्यांतल्या अनेकांनी देवाजीला पाहिलेलेही नव्हते. नाव मात्र ते गावासकट बरोबर घेत.